ईएसआय की आयुष्मान : इंदूरकरांनी काय बघून ठरवावं

नोकरी पीथमपूरला किंवा सांवेर रोडवर, पगार वीस-एकवीस हजारांच्या घरात आणि लोकमान्य नगरात राहणारी, सत्तरी ओलांडलेली आई. अशा घरांतून हल्ली दोन प्रश्न हमखास येतात. ईएसआय, म्हणजे कामगारांचा राज्य विमा, आहेच, तर आईचं आयुष्मान कार्ड (दवाखान्यात भरती झाल्यावर वर्षाला पाच लाखांपर्यंतचा खर्च भागवणारं सरकारी कार्ड) काढायचं का? आणि पगारवाढीनं २१,००० ची मर्यादा ओलांडून ईएसआय जाणार असेल आणि कंपनी ग्रुप मेडिक्लेम देणार असेल, तर त्यात वाईट काय?

पहिल्याचं उत्तर सोपं आहे : काढा. सत्तरीपुढच्यांच्या आयुष्मानला उत्पन्नाची अट नाही, आणि घरात ईएसआय किंवा खाजगी विमा असला तरी ते मिळतं. दुसऱ्याला मात्र जरा वेळ द्यावा लागेल. लोक पाच लाखांचा आकडा आधी बघतात. मी आधी बघतो, ही सोय कशाच्या जोरावर उभी आहे.

ईएसआय उभं आहे संसदेच्या कायद्यावर. कायदा १९४८ चा, योजना सुरू झाली २४ फेब्रुवारी १९५२ ला, कानपूर आणि दिल्लीत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हा सगळा संसार सामाजिक सुरक्षा संहितेत गेला आहे. आयुष्मानला असा कायदा नाही. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाच्या मसुद्यात आरोग्य हक्काचा कायदा करण्याची कल्पना होती, अंतिम धोरणात ती गळाली. पुढच्याच वर्षी, २३ सप्टेंबर २०१८ ला, रांचीहून आयुष्मान सुरू झालं ते मंत्रिमंडळाच्या निर्णयावर आणि मार्गदर्शक सूचनांवर. पैसा करांतून येतो, केंद्र आणि राज्य मिळून. ईएसआयचा पैसा कामगार आणि मालकाच्या हप्त्याचा.

सगळं सुरळीत असतं तेव्हा हा फरक कोणाच्या लक्षातही येत नाही. घोडं अडतं तेव्हा येतो. कंपनीनं पगारातून ईएसआय कापलं पण भरलंच नाही, असं समजा. कायदा म्हणतो, कामगाराचा लाभ ईएसआय महामंडळानं द्यायचा आणि वसुली मालकाकडून करायची. भांडायला कर्मचारी विमा न्यायालय आहे. आयुष्मानमध्ये दवाखान्यानं ‘हे पॅकेजमध्ये बसत नाही’ म्हणून पैसे मागितले, तर १४५५५ वर फोन आणि जिल्हा तक्रार समिती. पाठपुरावा केला तर काम होतं. पण ते अर्ज-विनंत्यांचं काम आहे.

आता पगारपत्रक उलगडून बघू. पगार २०,९०० धरा. ०.७५ टक्क्यानं तुमचे कापले जातात १५७ रुपये, ३.२५ टक्क्यानं मालकाचे ६८०. जून २०१९ पर्यंत हेच दर १.७५ आणि ४.७५ होते. एका फेरआढाव्यात हप्ता साडेसहावरून चार टक्क्यांवर आला. या ८३७ रुपयांत नवरा-बायको-मुलांचा दवाखाना, औषधं, भरती, शस्त्रक्रिया सगळं येतं. खर्चाला पाच लाखांसारखी सरसकट मर्यादा नाही, फक्त सुपरस्पेशालिटीसाठी ठरावीक काळ हप्ता भरलेला असावा लागतो. अवलंबून असलेले आई-वडीलही यात बसतात, त्यांचं सगळं मिळून उत्पन्न महिना ९,००० च्या आत असेल तर. नव्या संहितेत स्त्री कामगाराच्या सासू-सासऱ्यांनाही जागा मिळाली आहे. त्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही, पण सुनेच्या पगारावर चालणाऱ्या घरांना ही मोठीच गोष्ट आहे.

शिवाय बुडालेला पगार. आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के. टीबी, कॅन्सरसारख्या ३४ दीर्घ आजारांत ८० टक्के, दोन वर्षांपर्यंत. बाळंतपणाला २६ आठवडे पूर्ण पगार. आयुष्मान दवाखान्याचं बिल भागवतं, घरातला किराणा भागवत नाही. ग्रुप मेडिक्लेमही नाही.

पण कायद्याला हलायला वेळ लागतो. पगाराची २१,००० ची मर्यादा १ जानेवारी २०१७ पासून तिथेच आहे. महागाई कुठल्या कुठे गेली, कामगार संघटना ओरडताहेत, आणि दरवर्षी पगारवाढीच्या दोन-चारशे रुपयांपायी लोक ईएसआयबाहेर पडतात. वाढ म्हणून मिळते तीच शिक्षा होते. आयुष्मानचं उलट. सत्तरीपुढच्यांना आयुष्मान द्यायचा निर्णय ११ सप्टेंबर २०२४ ला झाला आणि २९ ऑक्टोबरला योजना सुरू! दीड महिन्यात. जे इतक्या झटपट देता येतं, ते तितक्याच झटपट बदलताही येतं, एवढं ध्यानात ठेवलेलं बरं.

संहितेनं मात्र एक गंमत केली आहे. ‘वेतना’ची व्याख्या बदलली. घरभाडे भत्ता आणि प्रवास भत्ता आता वेतनाबाहेर धरतात, मात्र वगळलेली रक्कम एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाली तर वरचा भाग परत वेतनात मिळवतात. समजा एकूण मोबदला २६,००० : मूळ पगार १६,०००, घरभाडे ७,०००, प्रवास ३,०००. वगळलेले १०,००० निम्म्याच्या आत, म्हणून कायद्याच्या शब्दांप्रमाणे वेतन १६,०००. जुन्या कायद्यात घरभाडं वेतनातच मोजायचे, म्हणून हाच माणूस ईएसआयबाहेर होता. तेव्हा ‘तुमचं ईएसआय संपलं’ असं कोणी सांगितलं तर आधी पगाराची फोड मागा.

आता दुखण्यांचं. रक्तदाब, मधुमेह, थायरॉइड, म्हणजे दर महिन्याच्या गोळ्या, यासाठी ईएसआयच. आयुष्मानला ओपीडी नाही. भरती झालात तर आधीचे तीन दिवस आणि घरी सोडल्यावरचे पंधरा दिवस, बस. पण ईएसआयची वाट ठरलेली : आधी तुमच्या नावावरचा दवाखाना, तिथून नंदानगरचं बीमा अस्पताल, आणि तिथेही न झालं तर चिठ्ठी घेऊन करार असलेलं खाजगी हॉस्पिटल. गोळ्यांसाठी ही रांग परवडते. आईला अँजिओप्लास्टी सांगितली असेल तर मी सरळ आयुष्मान कार्ड घेऊन संलग्न हॉस्पिटलात जाईन. जुना आजार असला तरी पहिल्या दिवसापासून चालतो. जाताना हॉस्पिटल यादीत आहे एवढ्यावर समाधान मानू नका; हृदयरोगासाठी आहे का, ते तिथल्या आयुष्मान मित्राला (योजनेच्या मदतनिसाला) विचारा. मान्यता विभागवार असते, आणि दर वरून ठरलेले. २०१८ मध्ये चौदाशेच्या आत असलेले उपचार २०२२ च्या फेरआढाव्यात १,९४९ झाले आणि त्यांचे दरही बदलले. दर परवडला नाही की खाजगीवाल्यांचा उत्साह मावळतो. ही माझी समजूत, पण ती बिनबुडाची नाही.

तपासणीचा एक धडा घरी बसल्या उपयोगाचा आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये संसदेत मांडलेल्या कॅगच्या (सरकारी हिशेब तपासणाऱ्या संस्थेच्या) आयुष्मानवरच्या अहवालात साडेसात लाखांच्या आसपास लाभार्थ्यांच्या नावापुढे एकच मोबाइल नंबर सापडला : दहा वेळा नऊ. मंत्रालयानं खुलासा केला की पात्रता मोबाइलवर ठरत नाही. खरं आहे. पण कार्ड हाताशी नसताना नोंद शोधायला नंबर कामी येतो, म्हणून आईच्या कार्डावर घरातल्याच कोणाचा तरी नंबर घाला, कार्ड काढून देणाऱ्या दुकानदाराचा नको.

महूचे निवृत्त फौजी आणि केंद्र सरकारचे पेन्शनर यांचा प्रश्न वेगळा. ईसीएचएस किंवा सीजीएचएस ही त्यांची स्वतःची आरोग्य योजना असेल तर आयुष्मानबरोबर ते ठेवता येत नाही, एकच निवडावं लागतं. ओपीडी आणि रोजच्या गोळ्या मिळत असताना ते सोडून आयुष्मान घेण्यात मला काही शहाणपण दिसत नाही.

राहिला ग्रुप मेडिक्लेम. सही करण्याआधी एचआरला विचारा : आई-वडील धरलेत का, खोलीभाड्याला मर्यादा किती, नोकरी सुटली तर काय? उत्तरं मनासारखी नसतील आणि फोड करूनही वेतन २१,००० च्या पुढेच जात असेल, तर निदान वाढीची तारीख सांभाळा. ईएसआयचे हप्त्याचे काळ दोन : एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. काळ सुरू झाल्यावर मर्यादा ओलांडली, तर तो काळ संपेपर्यंत तुम्ही आतच असता. वाढ १ ऑक्टोबरपासून लागू झाली तर हप्ता सप्टेंबरअखेर थांबतो आणि लाभ जूनपर्यंत चालतो. तीच १ नोव्हेंबरपासून झाली तर हप्ता मार्चपर्यंत कापला जातो, तोही वाढलेल्या पगारावर, आणि लाभ पुढच्या डिसेंबरअखेरपर्यंत मिळतो. एका महिन्याच्या वाढीवर पाणी सोडून सहा महिन्यांचा आधार.