एम४२च्या तीन जुन्या लेन्स: टाकुमार, हेलिओस आणि टेसर, काही महिने वापरून

तिन्हींत सर्वांत शार्प कोणती, एवढंच विचारलंत तर उत्तर लगेच देता येतं, पण त्याचा फारसा उपयोग नाही. एफ/८ला, म्हणजे लेन्समधलं छिद्र (अॅपर्चर) बरंच लहान केल्यावर (एफचा आकडा जितका मोठा तितकं छिद्र लहान), मधल्या भागात या तिन्ही इतक्या सारख्या आहेत की फाइलचं नाव झाकलं तर मला ओळखता येत नाहीत. खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिरात तेच खांब, तेच कोरीवकाम तिन्ही लेन्सनी काढलंय. दगडाचा पोत, छिन्नीचे बारीक काठ, सगळं तिन्हींत आहे. फरक पडतो तो दोनच ठिकाणी: लेन्स पूर्ण उघडी ठेवली की, आणि समोरून उजेड अंगावर आला की. म्हणून या अनुभवात मी एफ/८बद्दल फार बोलणार नाही.

कॅमेरा सोनी ए७ टू, फुल फ्रेम, २४ मेगापिक्सेल. लेन्स सुपर-मल्टी-कोटेड टाकुमार ५० मिमी एफ/१.४, रशियन हेलिओस ४४-२ म्हणजे ५८ मिमी एफ/२, आणि कार्ल झाइस येना टेसर ५० मिमी एफ/२.८. तिन्ही ४२ मिमीच्या आट्यांनी फिरवून बसतात; या जोडणीलाच एम४२ म्हणतात. एम४२मध्ये लेन्स बसते तिथपासून फिल्मपर्यंतचं अंतर ४५.४६ मिमी आणि सोनीचं १८ मिमी, त्यामुळे अडॅप्टर म्हणजे नुसती धातूची नळी, आत काच नाही. निकॉनच्या जुन्या डीएसएलआरवर हेच अंतर ४६.५ मिमी असतं. तिथे साध्या अडॅप्टरने दूरचं फोकस होतच नाही, आणि काचेचा अडॅप्टर लावला तर लेन्सचा स्वभावच बदलतो. मिररलेस (आत आरसा नसलेला) कॅमेरा नसेल तर या वाटेला जाऊ नका, असंच मी सांगेन.

मेनूमध्ये दोन गोष्टी आधी करून घ्या. लेन्स नसतानाही शटर चालू राहील हे सेटिंग सुरू करा, आणि स्टेबिलायझेशनसाठी (हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणारी सोय) लेन्सची फोकल लेंग्थ, म्हणजे ५० किंवा ५८ मिमी हा आकडा, हाताने भरा. लेन्स बदलली की आकडाही बदलायचा. फोकससाठी पीकिंगवर, म्हणजे फोकसमधल्या कडा रंगवून दाखवणाऱ्या सोयीवर, विसंबू नका. एफ/१.४ला पीकिंगचा रंग सगळ्या चेहऱ्यावर पसरतो आणि डोळा नेमका फोकसमध्ये आहे की पापणी, हे कळत नाही. चित्र मोठं करून बघणं हाच खात्रीचा मार्ग.

आता टाकुमार. माझं बरंचसं काम कुस्तीच्या तालमीतलं. पहाटेचा सराव, वर एखाद-दुसरी ट्यूबलाइट, खाली तांबडी माती, आणि पोरं एक क्षण स्थिर नसतात. इथे एफ/१.४ लागतंच. त्या अॅपर्चरला टाकुमार शार्प आहे, पण त्यावर एक पातळ धुरकट थर येतो. काचेच्या कडेतून येणारे किरण आणि मधून येणारे किरण एकाच बिंदूवर मिळत नाहीत, त्याचा हा परिणाम. तपशील हरवलेला नसतो, तो त्या धूसरपणाच्या खाली असतो. घामाने चमकणाऱ्या खांद्यावर हे फार देखणं दिसतं: उजेडाचा ठिपका कडक न राहता पसरतो. एफ/२ला थर बराच निघून जातो, एफ/२.८ला चित्र लख्ख होतं. म्हणजे अॅपर्चर रिंग फिरवून एकाच लेन्समध्ये तीन वेगळे पोत मिळतात. आजच्या लेन्स पूर्ण उघड्या असतानाही लख्खच असतात, त्यामुळे ही मुभा तिथे नाही. एका वस्तादांना फोटो दाखवला तेव्हा ते म्हणाले, "ह्यात माती वल्ली दिसतीया बघा." मला यापेक्षा नेमकं परीक्षण करता येणार नाही.

याच लेन्सचा पिवळेपणा हा मोठा विषय आहे. हिच्या एका काचेत थोरियम आहे आणि त्याच्या किरणोत्सर्गाने काच वर्षानुवर्षं चहाच्या रंगाकडे झुकत जाते. थोडा उजेडही त्यात खाल्ला जातो. माझी लेन्स चांगलीच पिवळी होती. अतिनील एलईडी दिव्याखाली बरेच दिवस ठेवल्यावर ती जवळजवळ स्वच्छ झाली. उन्हात ठेवूनही हे होतं, पण कोल्हापूरच्या एप्रिलमधल्या गच्चीवर ठेवू नका. लेन्स तापली की आतलं ग्रीस पातळ होऊन अॅपर्चरच्या पाकळ्यांवर उतरतं, आणि उघडी काच उन्हाकडे असेल तर पलीकडचं काहीही पेटू शकतं. दिवा सुरक्षित, फक्त त्याच्याकडे बघायचं नाही.

हेलिओसची कीर्ती तिच्या भोवऱ्यामुळे. मागची पानं गोल फिरल्यासारखी दिसतात. ही लेन्स मूळ झाइसच्या बायोटार या लेन्सवरून घेतलेली. चौकटीच्या कडेला तिरप्या येणाऱ्या उजेडाला लेन्सची नळीच आडवी येते, उजेडाचे गोल ठिपके बदामासारखे चपटे होतात, आणि ते मध्यबिंदूभोवती रांगेत लागले की भोवरा दिसतो. म्हणजे तो आपोआप येत नाही. टाउन हॉलच्या बागेत माणूस दोनेक मीटरवर, मागे दाट झाडी आणि पानांमधून ठिबकणारं ऊन, असा मेळ जमला तरच तो उतरतो. रंकाळ्यावर पाण्याची सपाट पार्श्वभूमी असली की काहीच होत नाही. क्रॉप सेन्सरवर (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरवर) तर कडाच कापल्या जातात, त्यामुळे केवळ भोवऱ्यासाठी ही घेणाऱ्यांची निराशा होते. एफ/२ला मध्यभाग मात्र अपेक्षेपेक्षा चांगला आहे, चेहऱ्याला पुरून उरेल इतका. कोपरे मऊ. घरामागच्या विटांच्या भिंतीवर बघितलं तर ते एफ/८पर्यंत पूर्ण सावरत नाहीत.

माझा तिच्यावरचा खरा आक्षेप उजेडाचा आहे. कोपेश्वराच्या स्वर्गमंडपाला वर गोल उघडं आकाश आहे आणि खाली खांब सावलीत. ते आकाश चौकटीच्या कडेला जरी आलं तरी हेलिओसमध्ये खांबांचा काळा करडा होतो. टाकुमारच्या काचेवरच्या बहुस्तरीय कोटिंगने तोच काळा काळा ठेवला. शार्पनेसचे आकडे घेऊन बसणाऱ्यांनी ही दोन चित्रं शेजारी ठेवून बघावीत. तपशील दोन्हीत तेवढाच आहे, पण एकात दगड जड वाटतो आणि दुसऱ्यात कागदी.

टेसरकडून मला काहीच अपेक्षा नव्हती. पाउल रुडॉल्फ यांची १९०२ची रचना, तीन गटांत चारच काचा. काचा कमी म्हणून आत उजेड इकडेतिकडे आपटायलाही जागा कमी, आणि कॉन्ट्रास्ट खणखणीत. पूर्ण उघडी असताना कोपरे कच्चे आहेत, मागचं धूसरही खडबडीत, माणसांसाठी मी ती काढत नाही. पण ३५ सेंटिमीटरपर्यंत जवळ जाते. चप्पल लाइनमध्ये एफ/५.६ला काढलेली कोल्हापुरी चपलेची वेणी, चामड्याच्या पट्ट्यांच्या कडा आणि शिवणीचे टाके बघून मी ती विकायचा विचार सोडला. गुऱ्हाळावर दिवसाउजेडी काहिलीच्या वाफेचे फोटोही हिनेच काढले. वाफ वाफेसारखी राहते, दुधाळ होत नाही.

विकत घेताना टॉर्च मागून मारून काचेतून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी, ती लेन्स सोडून द्या. पाकळ्यांवर तेल आहे का बघा, पूर्व जर्मन लेन्समध्ये हे वारंवार आढळतं. टाकुमारला ए आणि एम असा खटका आहे, अडॅप्टरवर तो एमवर हवा, नाहीतर रिंग कितीही फिरवली तरी पाकळ्या मिटत नाहीत. हेलिओस ४४-२ला हा प्रश्नच नाही. तिला अॅपर्चरच्या दोन रिंग आहेत, त्यातली दुसरी टकटक न करता फिरते, व्हिडिओ करणाऱ्यांना ती आवडेल.

आपल्याकडच्या पावसाळ्यात लेन्स कपाटात किंवा कातडी केसमध्ये ठेवू नका. हवाबंद डबा, सिलिका जेल आणि आत आर्द्रतामापक, काटा ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये. जेल ओलावलं की तापवून परत वापरता येतं. टाकुमार एफ/१.४ परवडत नसेल तर तिचीच धाकटी ५५ मिमी एफ/१.८ शोधा. मित्राची वापरली आहे: धुरकट थर कमी, फोकस रिंग तितकीच लोण्यासारखी, आणि तालमीच्या उजेडात फक्त आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) थोडा वर न्यावा लागतो.