सदरमधली नाताळ फेरी: रेव्हरंड टिळकांसाठी जा, डिकन्स घरीच वाचा

नाताळनिमित्त पायी फेरी, वाटेत माहिती आणि वाचन: दोनशे रुपये, संध्याकाळी पाचला नागपूरच्या सदर भागात जमा, स्वेटर आणा. निरोप एवढाच होता. आईला चालवेल की नाही अशी धाकधूक होती, पण फेरी फारच संथ निघाली. तिच्यासाठी बरं, माझ्या पुतण्यासाठी नाही.

सुरुवात ऑल सेंट्स कॅथेड्रलपासून. हे चर्च १८५१ चं. नागपूर खालसा झालं १८५४ ला, म्हणजे भोसल्यांचं राज्य होतं तेव्हापासून ते इथे उभं आहे. माहिती देणारा पोरगा चांगला तयारीचा होता. हिस्लॉप म्हणजे नागपुरातलं कॉलेज, एवढंच आपल्याला माहीत. पण कॉलेज निघालं १८८३ ला आणि ज्याचं नाव दिलं तो स्टीफन हिस्लॉप त्याच्या वीस वर्षं आधीच, टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळं (गोलात मांडलेले दगड) पाहून परतताना पुरात बुडून गेला होता. पाद्री असून दगड, जीवाश्म, गोंडांची गाणी असं सगळं गोळा करत हिंडायचा. पुतण्याने तेवढ्यापुरता मोबाइल खाली ठेवला.

पैसे वसूल झाले ते त्यानंतर. कवी रेव्हरंड ना. वा. टिळक ख्रिस्ती होण्याआधी नागपूरला श्रीमंत बुटींकडे संस्कृत ग्रंथांच्या कामावर होते. १८९३ ला इथून राजनांदगावला निघाले आणि रेल्वेच्या डब्यात एका गोऱ्या सहप्रवाशाशी गाठ पडली. तिथून ख्रिस्ती धर्माकडे ओढा, आणि १८९५ ला बाप्तिस्मा. ती बातमी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंपर्यंत पोचते तो लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रातला भाग एका बाईंनी वाचला. वर्तमानपत्राचं कव्हर घातलेली जुनी प्रत, माइक नाही, चष्मा कपाळावर सरकवून पान अगदी नाकाशी धरलेलं. लक्ष्मीबाई वाचताना आवाजात रडू आणायचं नसतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आई तर काही वाक्यं त्यांच्या आधीच म्हणत होती.

डिकन्सची मात्र पार वाट लावली. १८४३ ची ‘अ ख्रिसमस कॅरोल’, ती कंजूष स्क्रूजची गोष्ट, कराओकेच्या स्पीकरवर, खरखरीसकट, भुतांचे आवाज काढून. आणि वगळलं काय, तर कोळसा! स्क्रूज कोळशाची पेटी स्वतःच्या खोलीत ठेवतो आणि कारकुनाच्या शेगडीत जेमतेम एक निखारा असावा एवढीच धग, म्हणून तो बिचारा मेणबत्तीवर हात शेकतो. उमरेड-सावनेरच्या कोळशाच्या खाणी ज्यांच्या अंगणात, त्या लोकांना हेच सांगायचं नाही? कंजूषपणा यातच तर आहे. भुतं काय, कुठेही मिळतात.

शेवटी चहा आणि प्लम केक. केक कोरडा, चहा झकास. आयोजकांना सुचवलंय की स्पीकर परत करा आणि त्याच बाईंना डिकन्सही मराठीतून वाचायला द्या. गाडी लांब लावावी लागते, मोठ्या माणसांना घेऊन जात असाल तर सरळ ऑटो करा.