शिबिरात 'उतरलेली' शुगर

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यातलं. कापूस विकला की घरात चार पैसे येतात, आणि नेमकं तेव्हाच समाजमंदिरात 'मोफत शुगर तपासणी'चं शिबिर लागतं. तुमच्या गावात असं शिबिर येणार असेल, तर माझ्या आईसोबत काय झालं ते आधी वाचा.

आईला शुगर निघाली ती ग्रामीण रुग्णालयात. डॉक्टरांनी मेटफॉर्मिनची गोळी दिली, भात कमी करा, चहातली साखर सोडा, रोज चाला म्हणाले. जन्मभर वरण-भात जेवलेल्या बाईला ते जड जात होतं. शिबिरवाले जगतात ते याच अडचणीवर. आई दुपारी जेवूनच तिथं गेली. पांढरा कोट घातलेल्या माणसानं बोटातून रक्त घेतलं. आकडा आला 286.

"मावशी, या गोळ्यांनी किडनी जाते. आमची पावडर घ्या, शुगर मुळापासून जाईल. पथ्य काहीच नाही."

पावडर आणि 'शुगर फ्री' पीठ मिळून साडेसहा हजार घेतले. बिल दिलं नाही.

पुढच्या शिबिराला मात्र सकाळी अनशापोटी यायला सांगितलं. आकडा 171. "पाहा, शंभराच्या वर उतरली!" म्हणत त्यांनी सगळ्यांसमोर टाळ्या वाजवल्या. जेवणानंतरची शुगर उपाशीपोटीपेक्षा चढीच असते, त्यामुळे त्या दोन आकड्यांची तुलनाच होत नाही. आणि उपाशीपोटी 126 किंवा त्यापुढे म्हणजे मधुमेहच. 171 वर टाळ्या कशाच्या?

आईनं गोळी सोडली. दोन्ही वेळा भात, उन्हाळ्यात आमरस. पेरणीपर्यंत सारखी तहान, रात्री लघवीला उठणं, आणि पायात रुतलेला काटा चिघळला. तालुक्याच्या डॉक्टरांनी एचबीए1सी ही रक्ततपासणी करायला लावली, ती 10.9 म्हणजे खूपच जास्त आली. ही तपासणी साधारण तीन महिन्यांची सरासरी सांगते, एका सकाळच्या उपासानं ती फसत नाही. पावडरवाले तिचं नावही काढत नाहीत.

पिठाचा मला जास्त राग येतो. 'शुगर फ्री' म्हणजे त्यात साखर जवळजवळ नाही, एवढंच. पीठ गव्हाचं असो की ज्वारीचं, पोटात त्याची साखर होतेच. प्रश्न किती खाता याचा आहे. आता आईच्या ताटात अर्धी जागा मेथी, चवळी, अंबाडी अशा भाजीची, सोबत घट्ट वरण आणि एक भाकर. यातलं बरंचसं आमच्याच वावरातलं. गोळी पुन्हा सुरू आहे, ती सरकारी दवाखान्यात फुकट मिळते.

पावडरीच्या पुडीवर ना परवाना क्रमांक होता, ना बॅच, ना कंपनीचा पत्ता. अशा पावडरींत शुगर उतरवणारी अॅलोपॅथीची औषधं गुपचूप मिसळलेली अनेकदा सापडली आहेत. त्यांनी शुगर एकदम खाली जाऊन माणूस बेशुद्ध पडू शकतो. मधुमेह बरा करतो अशी औषधाची जाहिरात करायला 1954 च्या जादुई उपायांविरुद्धच्या कायद्यानं बंदी आहे. कुणाच्या घरी अशी पुडी असेल तर ती फेकू नका. पुडी आणि शिबिराचं पत्रक जपून ठेवा, जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार द्या, आणि पैशासाठी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा.