जंगली महाराज रस्त्याचे रुंद फुटपाथ : काय जमलं, काय राहिलं

पुण्यात जंगली महाराज रस्त्याचं नाव निघायचं ते खड्डे न पडणाऱ्या डांबरासाठी. २०१६ च्या रस्ता-रचना धोरणानंतर बालगंधर्व, संभाजी बाग या पट्ट्यात फुटपाथ रुंद झाले आणि गाड्या लावायची जागा आखून दिली गेली. वाहता रस्ता अरुंद कशाला करायचा, ही शंका तेव्हा साहजिक होती. पण टेप लावून बघा.

रस्ता एकेरी आहे. एका लेनला तीन-सव्वातीन मीटर पुरतात, म्हणजे तीन लेन दहा मीटरच्या आत बसतात. रुंदी कमी-जास्त असली की मोकळ्या भागात गाड्यांची चौथी रांग लागते, पुढे तीच तिसरीत घुसते आणि कोंडी तिथेच होते. कडेची रांग तर बहुधा उभ्या गाड्यांचीच. किती गाड्या पुढे सरकणार हे सिग्नल आणि सर्वांत अरुंद जागा ठरवते, मधल्या जास्तीच्या रुंदीचा उपयोग नाही. सलग सारखी रुंदी हा या कामातला सगळ्यात शहाणा निर्णय.

रस्ता ओलांडणंही सोपं होतं. सावकाश चालणाऱ्या आजींना मीटरला सेकंद लागतो. चौदा मीटरचे दहा झाले की त्या चार सेकंद कमी वेळ गाड्यांसमोर असतात.

फुटपाथसाठी भारतीय रोड काँग्रेस या रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या संस्थेचं मानक किमान १.८ मीटर मोकळी वाट आणि जास्तीत जास्त १५० मिलिमीटर उंची सांगतं. इथे जुनी झाडं राखून त्यांच्या सावलीत बाकं बसवली आहेत, तरी चालायला ऐसपैस जागा उरते. लहान मुलांना घेऊन निघालेल्यांनी हा रस्ता जरूर चालून बघावा.

सायकल ट्रॅक मात्र फसला आहे. तो फुटपाथलगतच असल्याने लोक त्यावरूनच चालतात, दुचाक्या उभ्या राहतात, आणि सायकलवाला शेवटी डांबरावर उतरतो. वाटेत नुसते आडवे खांब रोवून दुचाक्या अडत नाहीत. व्हीलचेअरसाठी निदान ९० सेंटिमीटर फट सोडावीच लागते, आणि स्कूटर त्याहून अरुंद असते. तिथे रोजची कारवाईच हवी.

दुसऱ्या रस्त्यांवर असे फुटपाथ करणाऱ्यांनी आधी पाण्याचा विचार करावा. फुटपाथची कड पुढे सरकली की पावसाळी गटाराची जुनी तोंडं त्याखाली गाडली जातात. ती नव्या कडेला आणली नाहीत, तर पहिल्याच पावसात डावी लेन पाण्याखाली जाते. केबलचे पाइपही फरशी बसवण्याआधीच टाकून घ्यावेत.