गळती शोधायची कशी: स्निफर की इन्फ्रारेड कॅमेरा?

तेलशुद्धीकरण प्रकल्पातील बरीचशी हायड्रोकार्बन वाफ चिमणीतून नव्हे, तर व्हॉल्व्हची ग्लँड (दांड्याभोवतीची सीलबंदी), फ्लँज (पाइप जोडणाऱ्या चकत्या) आणि पंपाचे सील यांतून निसटते. स्निफर म्हणजे हवा ओढून तिच्यातील वाफ मोजणारे हातातले यंत्र; त्याची नळी सांध्याच्या कडेने हळूहळू फिरवली की पीपीएममध्ये (हवेच्या दहा लाख भागांत वाफेचे किती भाग) आकडा मिळतो. अमेरिकेची गळती तपासण्याची अधिकृत 'मेथड २१' याच पद्धतीवर उभी आहे आणि ५०० पीपीएमची बारीक गळतीही तीत सापडते, मात्र हजारो सांधे एकेक करून, प्रसंगी मचाण बांधून तपासणे हे किचकट काम आहे. इन्फ्रारेड कॅमेरा मात्र दुरूनच पाहतो: मिथेन सुमारे ३.३ मायक्रोमीटर तरंगलांबीची इन्फ्रारेड (अवरक्त) किरणे शोषत असल्याने कॅमेऱ्यात तो धुरासारखा हलताना दिसतो, अगदी उंचावरच्या व्हॉल्व्हमधूनही. पण वारा जोराचा असला किंवा वायू आणि पार्श्वभूमी यांच्या तापमानात फरक नसला, तर कॅमेरा आंधळाच. मोठी गळती लवकर पकडण्यासाठी मी कॅमेराच निवडेन. ग्लँड आवळल्यावर ती खरोखर थांबली का, हे मात्र स्निफरनेच तपासावे.