पॉप-अप कॅम्परचं ‘आर-१४’ इन्सुलेशन किट : फसवणूक नेमकी कुठे होते

अमेरिकेत पिकअप ट्रकवर पॉप-अप कॅम्पर, म्हणजे छत वर उचललं की कापडी भिंती उघडणारी छोटी राहायची खोली, टाकून युटा, कोलोराडो, सिएरा नेवाडाकडे जाणारी मराठी मंडळी आता बरीच आहेत. ऑक्टोबर उजाडला की कॅम्परच्या कापडी भिंतींतून थंडी शिरायला लागते आणि प्रत्येक जण इन्सुलेशन शोधायला लागतो. नेमक्या याच वेळी ऑनलाइन जाहिराती दिसतात : ‘तुमच्या मॉडेलच्या मापाचं तयार किट, आर-१४, अर्ध्या तासात बसवा.’ किंमत चारशे डॉलरच्या आसपास. आर-१४ म्हणजे आर-व्हॅल्यू १४. उष्णता किती अडते ते हा आकडा सांगतो, जितका मोठा तितकी ती जास्त अडते. हे किट आम्ही घेतलं, उघडलं, मोजलं आणि तपासलं. त्यात काय निघालं आणि पैसे न घालवता हेच काम कसं करायचं, ते इथे सविस्तर देत आहोत.

पार्सलमध्ये निघालं ते असं : पाव ते तीन अष्टमांश इंच जाडीचं, दोन्ही बाजूंनी चकचकीत बबल फॉइल, त्याच्या आतल्या बाजूला चिकटवलेलं राखाडी कापड, कडेला शिवलेला गोट आणि मागे गोंद असलेल्या वेल्क्रोच्या पट्ट्या. हेच बबल फॉइल मोठ्या हार्डवेअर दुकानात ४ फूट बाय २५ फुटांच्या रोलमध्ये याच्या कितीतरी कमी किमतीत मिळतं. शिवणकामाचे आणि मापाचे जास्त पैसे घेतले तर त्यात गैर काही नाही. खोटा आहे तो आकडा.

बबल फॉइलची स्वतःची आर-व्हॅल्यू साधारण १ असते. बबलमध्ये अडकलेली हवा जेवढी अडवते तेवढंच. त्यापुढचं सगळं काम फॉइलने उष्णतेचं प्रारण परत पाठवण्याचं, आणि त्यासाठी फॉइलच्या समोर बंदिस्त, स्थिर हवेची पोकळी लागते, निदान पाऊण इंचाची. फॉइल दुसऱ्या वस्तूला टेकलं की उष्णता सरळ स्पर्शाने पलीकडे जाते आणि चकाकीचा उपयोग शून्य होतो. आता हे किट पाहा. बाहेरची बाजू कॅम्परच्या व्हिनाइलला, म्हणजे कापडी भिंतीच्या प्लास्टिकसारख्या कापडाला, चिकटून बसते आणि आतल्या बाजूच्या फॉइलवर कापड आहे. म्हणजे दोन्ही बाजूंची चकाकी बनवणाऱ्यानेच मारून टाकली आहे. उरते फक्त बबलची हवा, आर-१.

मग १४ आला कुठून? फॉइलच्या समोर मोठी पोकळी ठेवून, उष्णता वरून खाली जाते असं धरून मोजलं तर आकडे खूप मोठे येतात, कारण गरम हवा वरच राहते आणि पोकळीत अभिसरण होत नाही. घराच्या फरशीखाली, थंडीच्या दिवसांत अशी परिस्थिती खरोखर असते. कॅम्परच्या उभ्या भिंतीत उष्णता आडवी जाते आणि छतातून वर जाते. तिथे तीच पोकळी फार कमी रोखते. विकणारा फरशीखालचा आकडा भिंतीच्या पॅनेलवर छापतो. बारीक अक्षरात ‘सिस्टिमनुसार’ असं लिहिलेलं असतं, तेवढ्यावर तो हात झटकतो.

या फरकाचा हिशेब एकदा करून पाहा. छत साधारण साडेसहा फूट रुंद आणि साडेअकरा फूट लांब धरा. परिघ ३६ फूट, कापडी भिंतीची उंची २ फूट, म्हणजे क्षेत्रफळ ७२ चौरस फूट. बाहेर २० अंश फॅरनहाइट, आत ६०, फरक ४० अंश. नुसत्या व्हिनाइलच्या भिंतीला आतल्या आणि बाहेरच्या हवेच्या थरांसकट आर-०.८५ मिळतो. क्षेत्रफळ गुणिले तापमानातला फरक भागिले आर-व्हॅल्यू, म्हणजे तासाला सुमारे ३,४०० बीटीयू (उष्णता मोजायचं एकक) भिंतीतून जातात. किट खरोखर आर-१४ असतं तर हे २०० वर आलं असतं. प्रत्यक्षात किटचा आर-१ च्या थोडा वर आणि भिंतीचा आधीचा ०.८५ मिळून आर-१.९ च्या आसपासच मिळतो, म्हणून तोटा सुमारे १,५०० वर थांबतो. दहा तासांच्या रात्रीत दावा आणि वास्तव यांत १३,००० बीटीयूंचा फरक पडतो. ७५ टक्के कार्यक्षमतेच्या फर्नेसला त्यासाठी पाऊण पौंडाहून जास्त प्रोपेन जास्तीचं जाळावं लागतं, आणि फर्नेसचा पंखा तेवढा जास्त चालून बॅटरी पितो तो वेगळाच. प्रोपेन आणि बॅटरी ‘आर-१४’ धरून घेऊन गेलात तर पहाटे तीन वाजता दोन्ही संपलेलं असू शकतं, आणि ते गैरसोयीपुरतं राहत नाही. लहान मुलं बरोबर असतील तर ते धोक्याचं आहे.

बबल फॉइल निरुपयोगी नाही, हेही स्पष्ट लिहायला हवं. तोटा निम्म्याहून जास्त कमी होतो. पण ते काम रोलमधल्या फॉइलनेही होतं.

काही किटमध्ये फॉइलही खरं नसतं. चांदीसारख्या दिसणाऱ्या थरावर पारदर्शक प्लास्टिकचा लेप असतो, आणि त्या लेपातून उष्णता जवळपास रंगवलेल्या पृष्ठभागाइतकीच बाहेर पडते. हे घरी तपासता येतं. मल्टिमीटर ओहमवर ठेवून दोन्ही टोकं फॉइलला हलकेच टेकवा. उघडं ॲल्युमिनियम असेल तर रीडिंग शून्याजवळ येतं, वर प्लास्टिक असेल तर मीटर काहीच दाखवत नाही. दुसरी चाचणी जास्त बोलकी आहे. फॉइलचा तुकडा गरम पाण्याने भरलेल्या स्टीलच्या पातेल्यावर सपाट दाबून चिकटवा, त्यावर काळ्या इलेक्ट्रिकल टेपचा बोटभर तुकडा लावा, पाच मिनिटं थांबा आणि इन्फ्रारेड थर्मामीटर जवळून आधी टेपवर, मग शेजारच्या फॉइलवर रोखा. टेपवर खरं तापमान दिसतं. अस्सल फॉइल खोलीच्या तापमानाजवळचा, बराच कमी आकडा दाखवतं. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे आले तर समोरचा थर फक्त दिसायला चांदीचा आहे.

जाहिरातीत ‘नासाचं तंत्रज्ञान’ असेल तर तिथेच थांबा. अंतराळयानावर ॲल्युमिनियमचा मुलामा दिलेल्या पातळ फिल्मचे थर वापरतात हे खरं आहे. पण ते निर्वातात काम करतात, तिथे हवेतून वाहून जाणारी उष्णताच नसते. तुमचा कॅम्पर हवेत उभा आहे. सिरॅमिक मण्यांच्या ‘इन्सुलेशन पेंट’ची गोष्ट याच जातीची. अशा कोटिंगबद्दल फुगवलेले आर-व्हॅल्यूचे दावे केल्यावरून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे एफटीसीने, २०२० साली काही कंपन्यांवर कारवाई केली होती.

एफटीसीचा आर-व्हॅल्यूचा नियम घरांच्या इन्सुलेशनसाठी आहे. त्यानुसार फॉइल इन्सुलेशनच्या लेबलवर फॉइलचे थर किती, पोकळ्या किती आणि किती जाडीच्या, आणि उष्णता वर, खाली व आडवी जाताना प्रत्येकी आर-व्हॅल्यू किती, हे द्यावं लागतं. गाडीसाठीच्या किटचे विक्रेते ‘हे घराचं इन्सुलेशन नाही’ म्हणून सटकतात. तरीही विकत घेण्याआधी हेच चार प्रश्न लेखी विचारा. ज्याच्याकडे खरा आकडा आहे तो लगेच उत्तर देतो. ‘सगळे ग्राहक खूश आहेत’ एवढंच उत्तर आलं तर पैसे देऊ नका.

किटमधली वेल्क्रो हा वेगळाच ताप आहे. व्हिनाइल मऊ राहावं म्हणून त्यात घातलेलं प्लास्टिसायझर हळूहळू पृष्ठभागावर येतं आणि वेल्क्रोचा गोंद विरघळवतं. एकदोन उन्हाळ्यांत पट्टी सुटते आणि मागे चिकट, काळपट राड उरते, ती घासून काढताना व्हिनाइल खराब होतं. स्प्रे ॲडहेसिव्ह त्याहून वाईट. व्हिनाइलला काहीही चिकटवायचं नाही, हा नियम पाळा.

आता काम नीट कसं करायचं ते. छत पूर्ण उघडून पुढची, मागची आणि दोन्ही बाजूंची उंची वेगवेगळी मोजा, सगळीकडे सारखी नसते. जाड खाकी कागदाचे साचे कापा, कडेला अर्धा इंच कमी ठेवा, खिडक्या आखून घ्या. पॅनेलसाठी अर्धा इंच क्लोज्ड-सेल (आतली हवेची छिद्रं बंद असलेला) पॉलिएथिलीन फोम घ्या. त्याची आर-व्हॅल्यू इंचाला ३ ते ४, म्हणजे इथे दीड ते दोन मिळते, आणि ती कुठल्याही पोकळीवर अवलंबून नसते. वरून खरं फॉइल वापरायचं असेल तर ते व्हिनाइलच्या बाजूला ठेवा आणि पॅनेलवर दर १२ इंचांवर पाऊण इंच जाडीच्या फोमच्या उभ्या पट्ट्या लावा, म्हणजे पोकळी टिकेल. पोकळी वरून आणि खालून बंद हवी. एकाही बाजूला फट राहिली तर गार झालेली हवा खाली उतरून अंथरुणावर पडते, वरून गरम हवा आत ओढली जाते आणि रात्रभर हे चक्र चालू राहतं. बहुतेकांचं काम इथेच फसतं आणि दोष मालाला दिला जातो.

वरची कड छताच्या लाकडी किंवा ॲल्युमिनियम चौकटीला लावा. लाकूड असेल तर वेल्क्रोची काटेरी बाजू स्टेनलेस स्टेपलने ठोका, तिची मऊ जोडीदार पॅनेलला शिवा. कारखान्यातून आलेली टिचबटणं असतील तर तीच वापरा. खालची कड गादीच्या किंवा फळीच्या मागे खोचा. छत उतरवण्याआधी पॅनेलं काढून गुंडाळायची. जाड पॅनेल तसंच ठेवून छत दाबलं तर ते चौकटीत सापडतं, लॅच लागत नाही, आणि जोर केला तर व्हिनाइल घडीवर फाटतं. ‘लावून ठेवा, छत तसंच बंद करा’ असं सांगणारं किट एकतर अगदी पातळ असतं किंवा तुमचं व्हिनाइल फाडणार असतं.

छतालाही अर्धा इंच कडक फोम आतून लावता येतो. त्याचे दोन प्रकार, पॉलिआयसो आणि एक्सपीएस. पॉलिआयसो इंचाला सुमारे आर-६ देतो, कडक थंडीत त्याहून कमी. एक्सपीएस सुमारे आर-५. पाऊणशे चौरस फुटांना वजन सहा-आठ पौंडच वाढतं, पण छत बंद असताना वरच्या पलंगाच्या गादीवर अर्धा इंच जागा उरते का ते आधी बघा. स्टोव्हच्या जवळ उघडा फोम ठेवू नका, पॉलिएथिलीन पेटलं की वितळून थेंब पडतात.

ओल हा विषय कुठलंही किट विकणारा टाळतो. दोन माणसं रात्रभरात श्वास आणि त्वचेतून अर्धा लिटर पाणी सहज सोडतात. आत उघड्या ज्योतीचा हीटर लावला तर एक पौंड प्रोपेनमागे दीड पौंडाहून जास्त पाणी आणखी. आत ६० अंश आणि ६० टक्के आर्द्रता असेल तर ४६ अंशांखालच्या प्रत्येक पृष्ठभागावर दव धरतं, आणि पॅनेलमागचं व्हिनाइल बाहेरच्याइतकंच गार असतं. म्हणून छताची खिडकी बोटभर आणि खालची एक खिडकी थोडी उघडी ठेवा, सकाळी पॅनेलं काढून व्हिनाइल कोरडं पुसा, गादीखाली जाळीचा थर घाला. गॅसच्या हवेसाठी ठेवलेली भोकं इन्सुलेशनने कधीही बुजवू नका, आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चालू आहे की नाही ते निघण्याआधी बटण दाबून तपासा.

जुना कॅम्पर ‘फोर-सीझन (चारही ऋतूंत चालणारा), नवीन इन्सुलेशन’ म्हणून माथी मारला जातो तेव्हा फसवणूक मोठी असते, कारण ताज्या फोममागे कुजलेलं प्लायवूड लपलेलं असू शकतं. मालकाला एक पॅनेल काढायला सांगा. नकार आला तर परत फिरा. काढलं तर पिनचं मॉइश्चर मीटर वरच्या पलंगाच्या पुढच्या दोन्ही कोपऱ्यांत, कॅम्पर उचलायच्या जॅकच्या ब्रॅकेटभोवती आणि छताच्या व्हेंटखाली लावा. २० टक्क्यांवर रीडिंग आलं की पाणी आत शिरतंय असं समजा. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकून ऐका, कुजलेल्या ठिकाणी आवाज बद्द येतो.

पैसे क्रेडिट कार्डानेच द्या. झेल किंवा तत्सम ॲपने पाठवलेले पैसे परत मिळणं फार अवघड. जाहिरातीचा स्क्रीनशॉट खरेदीच्या दिवशीच घ्या, पान नंतर बदलतं. माल सांगितल्याप्रमाणे नसेल तर आधी विक्रेत्याला लेखी कळवा, मग कार्ड कंपनीकडे वाद नोंदवा. फेडरल कायद्याप्रमाणे बिलिंगचा वाद लेखी मांडायला पहिलं स्टेटमेंट पाठवल्यापासून ६० दिवस असतात. शिवाय एफटीसीच्या फसवणूक नोंदवण्याच्या पानावर आणि आपल्या राज्याच्या ॲटर्नी जनरलकडे तक्रार करा. एफटीसी एकेकाचे पैसे मिळवून देत नाही, पण तक्रारी साठल्या की कारवाईला आधार मिळतो. ‘मापाने कापलेला माल परत घेत नाही’ ही अट अशा विक्रेत्यांकडे नेहमी असते, म्हणून पार्सल आल्यावर जाडी, मल्टिमीटर आणि टेपची चाचणी आधी करा, फोटो काढा, आणि तोवर कात्री लावू नका, वेल्क्रोच्या मागचा कागदही सोलू नका.