मालक कोण: वाचक की पत्रकार? बर्लिनचं 'तात्स' आणि रोमचं 'इल मानिफेस्तो'

दोन्ही वृत्तपत्रं डाव्या विचारांची, दोन्ही सहकारी. फरक आहे तो सभासद कोण, यात.

'तात्स' १९७९ पासून दैनिक. जर्मनीच्या एकीकरणानंतर पश्चिम बर्लिनला मिळणारं सरकारी अनुदान आटलं. बाहेरचा गुंतवणूकदार घ्यायचा की वाचकांकडे जायचं, यावर बरीच भांडणं झाली आणि १९९२ मध्ये वाचकांची सहकारी संस्था उभी राहिली. एक भाग ५०० युरोंचा, हप्त्यानेही भरता येतो. भाग कितीही घ्या, मत एकच. आपल्या साखर कारखान्याच्या सभासदाला हे वेगळं सांगायला नको. मात्र बातमी काय छापायची, हे सभासद ठरवत नाहीत. हे कलम नसतं तर वार्षिक सभेतच अंक काढावा लागला असता!

'इल मानिफेस्तो' १९७१ पासून दैनिक, आणि सहकारी संस्था तिथे काम करणाऱ्यांचीच. निर्णय झटपट होतात, पण भांडवल तोकडं. भिस्त होती सहकारी वृत्तपत्रांच्या सरकारी अनुदानावर. ते घटलं आणि २०१२ मध्ये संस्था अवसायनात गेली, म्हणजे मालमत्ता विकून देणी फेडायची वेळ आली. खरी गोम इथे आहे: वृत्तपत्राचं नाव ही जुन्या संस्थेची मालमत्ता, म्हणून ते अवसायकाच्या ताब्यात. नव्या संस्थेने आधी ते भाड्याने घेतलं आणि २०१६ मध्ये वाचकांच्या देणग्यांच्या जोरावर विकत घेतलं.

म्हणजे पैशासाठी शेवटी वाचकांकडेच जावं लागलं. 'तात्स'ने ते वेळेत केलं, म्हणून आमचा कल तिकडे. अर्थात छपाईचा खर्च त्यांनाही चुकला नाही: ऑक्टोबर २०२५ पासून सोमवार ते शुक्रवारचा अंक फक्त डिजिटल, कागदावर उरला तो शनिवारचा.